नाशकात प्रायोगिक फिल्मचा पहिला खेळ लावला, निम्म्याहून जास्त लोक उठून गेले. दुसऱ्या खेळाला काय लावू?

गोदाकाठी (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं ते काल केलं. जुन्या नाशकात आमच्या वाड्याच्या माडीवर चाळीसेक माणसं बसतील एवढी जागा आहे. पांढरी भिंत, भाड्याचा प्रोजेक्टर, सतरंज्या, चहा एवढ्या तयारीवर पहिला खेळ लावला. ओळखीपाळखीतले ३१ जण आले.

मी लावली मायकल स्नो या कॅनडाच्या कलावंताची १९६७ ची 'वेव्हलेंग्थ'. ४५ मिनिटांची आहे. न्यूयॉर्कमधली एक लांबलचक खोली, समोर खिडक्या, आणि कॅमेरा एका टोकापासून समोरच्या भिंतीकडे झूम करत जातो. मध्ये माणसं येतात जातात, एक जण कोसळतो, पण झूम त्याच्यासाठी थांबत नाही. शेवटी भिंतीवर टाचलेल्या एका फोटोत आपण शिरतो आणि तो असतो समुद्राच्या लाटांचा. मी ही पहिल्यांदा रात्री एकट्याने, कानाला इअरफोन लावून पाहिली होती. शेवटच्या लाटांपाशी मला रडू आलं होतं. का ते आजही नीट सांगता येत नाही, पण तेच सगळ्यांसोबत अनुभवावं असं वाटत होतं.

माडीवर विसाव्या मिनिटाला उठाउठ सुरू झाली. शेवटी ११ जण उरले, त्यात दोन झोपलेले. खालच्या मजल्यावरचा कुत्रा शेवटची दहा मिनिटं सलग भुंकत होता. शेजारच्या काकू जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी गाण्यांचा लाव हो बाळा."

मला हे सोडायचं नाही. दर महिन्याला एक खेळ करायचाच आहे. काय चुकलं ते मोकळेपणी सांगा. दुसऱ्या खेळाला काय लावू? आणि आधी समजावून सांगावं की नको?

साडेसातची_बस | रविवार, सकाळी ८:४५

मी होतो काल. उठून गेलेल्यांत होतो, म्हणून मीच आधी लिहितो.

पहिली गोष्ट, ४५ मिनिटं आहे हे सांगितलंच नाही. सीबीएस बसस्थानकावर गाडी किती वाजता येणार हे कळलं तर माणूस तासभर उभा राहतो. कळलं नाही तर दहा मिनिटांत चौकशीच्या खिडकीवर भांडायला जातो. मला वाटत होतं की हे दोन तास असंच चालणार.

दुसरी, कानात शीळ घातल्यासारखा तो आवाज. माझं डोकं ठणकलं.

तिसरी जरा कडू आहे. हा सिनेमा चित्रकारांनी चित्रकारांसाठी केलेला आहे असं मला प्रामाणिकपणे वाटलं. भिंतच बघायची तर घरी आहे की.

तिसरी_पाळी | रविवार, सकाळी ९:०२

स्पीकर कोणता होता?

गोदाकाठी | रविवार, सकाळी ९:१०

गणपतीत आरतीला लावतो तो चाकांचा ट्रॉली स्पीकर.

तिसरी_पाळी | रविवार, सकाळी ९:४०

तिथेच घोळ झाला. या फिल्ममध्ये एकच सूर खालून वर चढत जातो, ५० हर्ट्झपासून १२ हजार हर्ट्झपर्यंत. तुमच्या डब्यातून ५० चा शुद्ध सूर धड निघत नाही, म्हणजे सुरुवातीची ती पोटात जाणवणारी घरघर लोकांना मिळालीच नाही. आणि वरचे सूर त्यातल्या हॉर्नमधून चाकूसारखे आले असणार. माणसाचा कान सर्वांत हळवा असतो २ ते ५ हजारांच्या दरम्यान. त्या पट्ट्यात काही मिनिटं एकच सूर मोठ्याने ऐकवला तर कुणीही उठेल. सातपूरच्या कारखान्यात कंप्रेसरशेजारी पाळी करणारा माणूस सांगतोय, ऐका.

शेवटी शेवटी पन्नाशीपुढच्यांना सूर जवळजवळ ऐकूच आला नसेल, वयाबरोबर वरचं ऐकू येणं कमी होतं. कुत्र्याला मात्र सगळं ऐकू येत होतं. संपूर्ण खेळ नीट ऐकलेला प्रेक्षक तो एकटाच.

ऑपरेटरची_लेक | रविवार, दुपारी २:२५

माझे वडील नाशकातल्या एका जुन्या थिएटरात ३४ वर्षं ऑपरेटर होते. थिएटर आता नाही. शाळा सुटली की मी डबा घेऊन केबिनमध्ये जायचे. दोन प्रोजेक्टर, एकाचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, बाबा दुसरं मशीन चालू करायचे, दुसऱ्या ठिपक्याला चित्र त्याच्यावर घ्यायचे. प्रेक्षकांना तो ठिपका कधी दिसला नाही, मला अजून सिनेमात गोष्टीआधी कोपराच दिसतो.

रीळ तुटलं की बाबा ब्लेडने टोकाचा मसाला खरवडायचे, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा एक थेंब, वर दुसरं टोक दाबून धरायचं. कापलेल्या चार-सहा फ्रेम माझ्या. त्याचं आम्ही काय करायचो ते पंचवटीतल्या माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. फ्यूज गेलेल्या बल्बची टोपी काढून आतलं सगळं पाडायचं, त्यात पाणी भरायचं. खोलीचं दार-खिडकी बंद. फटीतून बाहेरचा भाऊ आरशाने ऊन आत पाडायचा, उन्हासमोर फिल्मची पट्टी, तिच्यापुढे बल्ब. समोरच्या भिंतीवर हेमामालिनी, उलटी, भलीमोठी, कडेला इंद्रधनुष्य. आम्ही पट्टी सरळ धरायला शिकण्याआधी कित्येक दिवस उलटंच बघत होतो आणि तेही छान वाटायचं.

प्रोजेक्टरच्या दिव्याच्या पेटीच्या (लॅम्पहाऊसच्या) तळाशी रोज पाकोळ्या मेलेल्या असायच्या. एकदा मी एक पंख पट्टीवर थुंकीने चिकटवून बल्बसमोर धरला. त्याच्या शिरा भिंतीवर झाडाच्या फांद्यांएवढ्या झाल्या होत्या. मी आठ वर्षांची असेन. हे सगळं सांगायचं कारण, धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतंय. लोकांना आधी उजेड आणि पट्टी हातात द्या.

तिरकस_रेघ | रविवार, दुपारी ३:१०

ताई, तुम्ही आठव्या वर्षी जे केलंत ते स्टॅन ब्रॅकेज या अमेरिकन चित्रपटकर्त्याने १९६३ मध्ये केलं आणि त्याची जगभर फिल्मच्या वर्गांत शिकवणी होते. नाव 'मॉथलाइट'. कॅमेरा नाही. मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबली आणि ती पट्टी छापून १६ मिलिमीटरची फिल्म केली. जेमतेम चार मिनिटं. आवाज नाही. पंख सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने अंगावर येतात आणि एक क्षण असा येतो की मेलेलं ते फडफडायला लागलं असं वाटतं.

मी चित्रकला शिकवतो. पोरांना पहिल्या तासाला हीच दाखवतो आणि एक अक्षर बोलत नाही. संपल्यावर सांगतो की कॅमेरा नव्हता. लगेच "सर परत लावा". दुसऱ्यांदा बघताना खोलीतली शांतता वेगळी असते. तेव्हा समजावून सांगायचं असेल तर आधी नको, नंतर. आणि लगेच पुन्हा दाखवायचं.

बसवाले, 'चित्रकारांनी चित्रकारांसाठी' यावर. आपल्याकडे ते अक्षरशः घडलेलं आहे आणि त्यातून काय निघालं बघा. चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाली. एकट्याने चित्रं काढत बसण्याऐवजी त्यांनी मुंबईत एक कार्यशाळा उभी केली, १६ मिलिमीटरचा कॅमेरा ठेवला, चित्रकार, छायाचित्रकार, सगळ्यांना मोकळं दार. स्वतः 'सिझिजी' केली, नुसत्या रेषा आणि बिंदू, कागदावर हजारभर चित्रं काढून. त्यांची दुसरी फिल्म होती, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', तिची एकुलती एक प्रत हरवली. दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये त्या हरवलेल्या फिल्मवरच फिल्म केली. त्याच कार्यशाळेत नलिनी मालानी नावाच्या विशीतल्या मुलीने 'ड्रीम हाउसेस' केली. पुढे त्या व्हिडिओ आर्टमध्ये जगभर गाजल्या. त्यांची मुलगी पायल कपाडिया, २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळवलेली. कार्यशाळा थोडकीच वर्षं चालली.

आजोळ_पंचवटी | रविवार, दुपारी ३:३०

सर, व्हिडिओ आर्ट आणि प्रायोगिक फिल्म यात फरक काय? मला दोन्ही एकच वाटायचं.

तिरकस_रेघ | रविवार, दुपारी ३:५५

सरमिसळ खूप आहे, पण मोटामोटी असं धर. फिल्मला तू वेळेवर येतेस, अंधारात बसतेस, सुरुवात आणि शेवट असतो. व्हिडिओ आर्ट गॅलरीत चोवीस तास फिरत असतं, तू मध्येच शिरतेस, मध्येच निघतेस. देवळात गेल्यासारखं. म्हणून तिथे खोली, पडदे किती, ते कुठे टांगलेत, तू कुठे उभी आहेस हे सगळं कामाचा भाग होतं. नलिनी मालानींच्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' मध्ये रंगवलेले पारदर्शक दंडगोल छतापासून टांगलेले, हळूहळू फिरतात, त्यांच्यातून प्रोजेक्टरचा उजेड जातो आणि भिंतीभर सावल्या पळतात. त्या सावल्यांत तुझीही सावली मिसळते. आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या असशील तर सावलीचं हे बळ नवं वाटणार नाही.

मी २०१२ ला कोचीच्या पहिल्या बिनालेला, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनाला, गेलो होतो. अमर कंवर यांचं 'द सॉव्हरिन फॉरेस्ट' तिथे होतं. ओडिशातली खाणीखाली जाणारी जमीन. एका बाजूला फिल्म, आणि दुसरीकडे भाताच्या अडीचशेहून जास्त जातींचं बियाणं, ओळीने मांडलेलं. फिल्म संपली की लोक बियाण्यापुढे जाऊन उभे राहत. कुणी बोलत नव्हतं.

द्राक्षबाग | रविवार, रात्री ९:१५

दिवसभर बागेत होतो, आत्ता सगळं वाचलं. मी दिंडोरी तालुक्यातला. सिनेमातलं मला कळत नाही पण भाताच्या बियाण्याचं वाचून थांबलो. आमच्या आईकडे भाताचे चार वाण होते, आता एकाचंही बी नाही. ते मांडलेलं बघायला मी गेलो असतो.

साडेसातची_बस | रविवार, रात्री ९:४०

द्राक्षबाग दादा, हेच म्हणतोय मी. बियाणं कळतं. खाण कळते. पण नुसत्या झूमचा अर्थ काय? कुणीतरी दोन ओळींत सांगा.

आजोळ_पंचवटी | रविवार, रात्री १०:०५

आलापाचा अर्थ कुठे विचारतो आपण? दिग्दर्शक मणी कौल यांनी रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकलं होतं आणि त्यांचे सिनेमे तसेच बघायचे असतात, असं मी वाचलंय. झूम म्हणजे एक लांब आलाप.

ऑपरेटरची_लेक | रविवार, रात्री १०:२०

बाळा, उपमा गोड आहे पण मला पुरी पटत नाही. आलाप ऐकणारा लहानपणापासून कुठेतरी ऐकतच आलेला असतो. देवळात, रेडिओवर, शेजारच्या घरात. सा कुठे आहे ते कानाला माहीत असतं, म्हणून तो किती लांब गेला ते कळतं. या फिल्मचा सा लोकांना कुणी दाखवलाय? अर्थ न विचारणं ही सवय आहे, ती आधी लागावी लागते.

तिरकस_रेघ | रविवार, रात्री १०:४५

ताईंशी सहमत. आणि बसवाले, दोन ओळींत: ४५ मिनिटं तुम्ही 'आता काय होणार' याची वाट बघता. ती वाट बघणं हाच त्या फिल्मचा विषय आहे. माणूस पडतो तेव्हा तुम्हाला त्याच्याकडे वळायचं असतं आणि कॅमेरा वळू देत नाही. त्या क्षणी जी चिडचिड झाली ती फिल्मने मुद्दाम केलेली आहे.

साडेसातची_बस | रविवार, रात्री १०:५०

झाली होती खरी. तो माणूस मेला का हे मी घरी जाऊनही विचारत होतो.

मांडव_शूटिंग | सोमवार, दुपारी १:३०

मोबाईलवरून लिहितोय, चुका पोटात घाला. मी १९८९ पासून लग्नाचं शूटिंग करतो. खांद्यावरचा व्हीएचएस, एका हातात हॅलोजनची वायर सांभाळणारा पोऱ्या. मागच्या लोकांना अक्षता दिसाव्यात म्हणून मांडवात टीव्ही लावायचो, कॅमेऱ्याची वायर थेट टीव्हीला. एकदा जेवणावळीच्या वेळी कॅमेरा चुकून टीव्हीकडे वळला. टीव्हीत टीव्ही, त्यात टीव्ही, बोगदाच. कॅमेरा थोडा तिरका केला तर बोगद्याचा भोवरा झाला. झूम थोडा आत घेतला, फोकस सोडला, तर रंग फुटायला लागले. मध्ये कुणाची तरी जांभळी पैठणी आडवी गेली, तो जांभळा रंग भोवऱ्यात सापडून पंधरा-वीस सेकंद गरगरत राहिला, बाई निघून गेल्यावरसुद्धा. मी हात लावायला घाबरत होतो की मोडेल. मुलीचे मामा ओरडले, मग बंद केलं.

पुढे दर लग्नात पाच मिनिटं हे करायचो. गिऱ्हाईकाला कधी दिलं नाही, कॅसेट माझ्याकडे आहेत. हे तुमच्या आर्टमध्ये बसतं का?

तिरकस_रेघ | सोमवार, दुपारी २:०५

दादा, बसतं म्हणजे काय, मधोमध बसतं. याला फीडबॅक म्हणतात. स्टाइना आणि वुडी वासुल्का हे जोडपं न्यूयॉर्कमध्ये साधारण १९७० पासून हेच करत होतं. १९७१ मध्ये त्यांनी एका हॉटेलच्या जुन्या स्वयंपाकघरात 'द किचन' नावाची जागा सुरू केली, व्हिडिओ आणि संगीताचे प्रयोग दाखवायला. ती संस्था आजही आहे. व्हिडिओचं वैशिष्ट्यच हे, की काढतानाच दिसतं. फिल्म धुवून येईपर्यंत थांबावं लागायचं. तुमचा तो भोवरा फिल्मवर शक्यच नव्हता.

त्याआधी १९६३ मध्ये कोरियाचे नाम जून पाइक यांनी जर्मनीतल्या वुपर्टालला आतून बिघडवलेले टीव्ही मांडून प्रदर्शन केलं होतं. पुढे १९६५ मध्ये टीव्हीच्या डोक्यावर मोठं लोहचुंबक ठेवलं, चित्र ओढल्यासारखं वाकडं व्हायचं. त्या कॅसेट जपा. बुरशी लागली नाही ना?

मांडव_शूटिंग | सोमवार, दुपारी २:२०

दोन गेल्या, सात चांगल्या आहेत. जुना डबा टीव्ही पण आहे, २१ इंची, चालू. लोहचुंबक ठेवून बघू का?

तिसरी_पाळी | सोमवार, दुपारी २:३०

थांबा! रंगीत ट्यूब आहे. चुंबक जवळ नेलं की आतली जाळी चुंबकित होते आणि कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग कायमचा बसतो. ते चुंबकत्व काढायची डीगॉस कॉइल माझ्याकडे आहे, मी आल्यावरच करा. एलसीडीवर हा खेळ होत नाही, तिथे वाकवायला इलेक्ट्रॉनचा झोतच नसतो. डबा टीव्ही भंगारात देऊ नका कुणी.

मालेगाव_लूम | सोमवार, संध्याकाळी ७:००

जिल्ह्याचा धागा आहे तर आमचंही नाव घ्या. मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांनी २००० च्या आसपास 'मालेगाव के शोले' केला. ट्रॉली नव्हती म्हणून सायकल, क्रेन नव्हती म्हणून बैलगाडी. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' माहितीपटात सगळं दिसतं. प्रयोग म्हणजे भिंतीकडे झूमच पाहिजे असं आहे का?

तिरकस_रेघ | सोमवार, संध्याकाळी ७:२५

नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालेगावच्या पोरांना मुंबईसारखाच सिनेमा करायचा होता, साधनं नव्हती म्हणून जुगाड. तो मला मनापासून आवडतो. प्रायोगिक फिल्म करणाऱ्याला तसा सिनेमा करायचाच नसतो. एक म्हणतो मलाही तेच पाहिजे, दुसरा म्हणतो ते नकोच.

मालेगाव_लूम | सोमवार, संध्याकाळी ७:४०

मान्य. पण बैलगाडीची क्रेन जी डुलते तसा शॉट मुंबईत कुणाला जमला नाही, एवढं लिहून ठेवतो.

ऑपरेटरची_लेक | सोमवार, रात्री ९:००

नाशिकचंच म्हणाल तर सगळ्यांत मोठा प्रयोग करणारा माणूस इथलाच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंत थोडं थोडं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ'. ते दाखवून त्यांनी पैसे उभे केले. पुढे आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. गोष्ट नाही, नट नाही, नुसता वाटाणा. मग आपल्याला हे परकं का वाटावं?

तिसरी_पाळी | सोमवार, रात्री ९:५०

ताई, यात एक हिशेब मला नेहमी खटकतो. सगळीकडे लिहिलेलं असतं की महिनाभराहून जास्त, रोज एक फ्रेम, आणि फिल्म मिनिटाहून थोडी मोठी. आता मूकपटाचा वेग सेकंदाला १६ च्या आसपास धरा. एका मिनिटाला ९६० फ्रेम. रोज एक याप्रमाणे ४० दिवसांत ४० होतात, म्हणजे अडीच सेकंद. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. ४० दिवसांत ९६० म्हणजे दिवसाला २४, तासाला एक.

फिल्म खरंच मिनिटाची असेल तर हा माणूस दिवसातून एकदा हँडल फिरवून कामाला जात नव्हता. कुंडीपाशी ठाण मांडून होता. रात्रपाळी केलेल्याला हे नुसतं वाचूनही जाणवतं.

द्राक्षबाग | सोमवार, रात्री १०:३०

हे वाचून उठून बसलो. मी ऑक्टोबर छाटणीपासून एका वेलीचा रोज सकाळी फोटो काढतो, सल्लागाराला व्हॉट्सॲपवर पाठवायला. तीच वेल, तोच बांबू, उभं राहायची जागापण ठरलेली. छाटणीपासून काढणीपर्यंत ११८ फोटो आहेत. आत्ता बोटाने भराभर सरकवून बघितले. डोळा फुटतो, काडी पळते, घड सुटतात, मणी फुगतात. बायकोला दाखवलं, तिने फोन हातातून घेतला आणि चार वेळा सरकवलं.

तिसरी_पाळी | सोमवार, रात्री १०:३५

दादा, मला सगळे पाठवा. सेकंदाला ८ ने जोडतो, पंधरा सेकंद होतील. कापणार काही नाही.

पुण्याहून | मंगळवार, सकाळी १०:१५

आनंदाने वाचतोय, पण एक काळजीचं. माडीवर का होईना, सार्वजनिक खेळ म्हटला की हक्क येतात. ब्रॅकेजच्या फिल्म सॅन फ्रान्सिस्कोची कॅनियन सिनेमा भाड्याने देते, युरोपातल्या बऱ्याचशा पॅरिसची लाइट कोन आणि लंडनची लक्स. मेल केली तर छोट्या मंडळांना नीट उत्तर देतात. फाळक्यांच्या चित्रपटांना ही अडचण नाही, आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो.

'कालिया मर्दन'ची (१९१९) सुरुवात दाखवा. फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. गोष्ट सुरू होण्याआधी ती कॅमेऱ्याकडे बघून नुसते हावभाव करते, राग, हसू, रडू, एकामागून एक. ज्या कंपनीने हा काढला तिचा स्टुडिओ नाशकातच होता.

फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे प्रमोद पती हे दुसरं नाव. प्रागला बाहुल्यांचे सिनेमे करणाऱ्या यिर्झी त्र्न्काकडे शिकून आलेले. १९७२ च्या 'अबिद'मध्ये आबिद सुरती हे चित्रकार खोलीभर रंग फासत फिरतात, पण एकेक फ्रेमने टिपलेले, म्हणून माणूसच कार्टून होतो. सरकारी पैशातून झालंय हे.

ऑपरेटरची_लेक | मंगळवार, सकाळी १०:४०

फिल्म्स डिव्हिजनच्या डॉक्युमेंटऱ्या मुख्य सिनेमाआधी लावणं थिएटरला सक्तीचं होतं. लोक मुद्दाम वीस मिनिटं उशिरा यायचे. बाबा म्हणायचे, "ही रिळं मी एकटाच बघतो." आता वाटतं, विचारायला हवं होतं काय काय पाहिलंत.

गोदाकाठी | मंगळवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार, हक्कांची चूक माझी, कॅनियनला मेल टाकली आहे. दुसरा खेळ रात्री नाही, रविवारी सकाळी ११ ला, कारण ताईंच्या बल्बला ऊन लागतं. प्रत्येक तुकडा किती मिनिटांचा ते दारावर खडूने लिहीन. येताना फ्यूज गेलेले साधे बल्ब, पारदर्शक चिकटपट्टी, आणि घरातलं काहीही पातळ: कांद्याची साल, पिंपळाची जाळी, पाकोळीचा पंख.

गोदाकाठी | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:२०

वृत्तांत. २६ जण आले. शेवटपर्यंत २६ होते.

खिडकीच्या फळीला रुपयाएवढं भोक पाडलं. बाहेर गॅलरीत आजोळ_पंचवटी आरसा धरून उभी, दर पाच मिनिटांनी ऊन सरकलं की आतून "डावीकडे!" आम्ही सगळ्यांनी चिकटवलेली पट्टी, साधारण वावभर, ताईंनी बल्बमागून हळूहळू ओढली. कांद्याच्या सालीच्या पेशी अंगठ्याच्या नखाएवढ्या दिसत होत्या. त्याच शेजारच्या काकूंनी आणलेली लसणाची साल भिंतीवर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही माझी!" आणि परत ओढायला लावली.

मांडव दादांनी डबा टीव्हीवर भोवरा उभा केला. चुंबक तिसऱ्या पाळीच्या देखरेखीखाली झालं, डाग बसला आणि गेलाही. मंदाकिनीचे हावभाव बघून दोन लहान मुलं भिंतीपुढे जाऊन तेच करायला लागली.

शेवटी द्राक्षबाग दादांची वेल. पंधरा सेकंद. पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा बसवाल्यांच्या लक्षात आलं की मध्ये एक उडी आहे, पानं हिरवीगार असतात आणि पुढच्या क्षणी अर्धी फाटलेली. त्यांनी विचारलं, इथे काही राहिलंय का. दादा म्हणाले, एक फोटो नाही. रात्री गारा पडल्या होत्या, सकाळी बागेत गेलोच नाही. मग तिसऱ्यांदा लावली.

द्राक्षबाग | रविवार, रात्री ९:०५

पुढच्या छाटणीला परत काढणार आहे. दिवसातून दोनदा काढू का तिसरी पाळी?

तिसरी_पाळी | रविवार, रात्री ९:१०

सकाळी एकदाच काढा, पण सूर्य त्याच उंचीवर असताना. नाहीतर सावली उड्या मारते.

साडेसातची_बस | रविवार, रात्री ९:४५

गोदाकाठी, परवानगी घेऊन 'वेव्हलेंग्थ' पुन्हा लावणार असाल तर मी बसेन, पूर्ण. भाच्याकडे चांगले मोठे स्पीकर आहेत, रिक्षात घालून आणतो. दारावर ४५ लिहा. कुत्र्याला मात्र त्या दिवशी माझ्या घरी पाठवा.